वकीलसाहेबांच्या गाडीतला टेप

नोकरीतली बरीच प्रकरणं आता तारखांसकट पुसली गेली, पण अमरावतीच्या ठाण्यात आलेली एक फिर्याद मनातून जात नाही. कापूसपट्ट्यासाठी ते दिवस वाईट होते. खेड्यापाड्यांतून मर्गाच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या, खबरा येत, आणि पंचनामे लिहून लिहून ठाण्यातलं हसणं-बोलणंच कमी झालं होतं. अशा एका सकाळी एक तरुण वकील गाडीतल्या टेपच्या चोरीची फिर्याद घेऊन आले, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

आठवड्यापूर्वीच त्यांनी कंपनीचा टेप काढून मोठ्या टच स्क्रीनचा नवा सेट बसवून घेतला होता. आज कोर्टात निघताना पाहतात तर नवा सेट गायब, आणि त्याच्या जागी पुन्हा तोच जुना टेप!

मी गाडी पाहिली. काच शाबूत, कुलूप शाबूत. टेप चोरणारा वायरी कापतो आणि पळतो. इथे एकही वायर कापलेली नव्हती, सगळे स्क्रू जागच्या जागी, आणि जुना टेप व्यवस्थित चालू. हे काम कारागिराचं होतं. गुन्हा दाखल करून मी बीट हवालदाराला कामाला लावलं. तासाभरात त्याच्या खबऱ्याने बातमी आणली. ज्या मिस्त्रीने नवा सेट बसवला होता, त्याच्याच दुकानातल्या कपाटात तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

मिस्त्री पन्नाशीचा, मूळचा अचलपूरचा, मुसलमान. पंचांसमोर कपाट त्याने स्वतःच उघडून दिलं. मी त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"किल्ली कुठून मिळाली?"

गप्प.

"विकायचा होता?"

"नाही साहेब."

"मग काहून नेला?"

"नेला ना मी. लिहून घ्या, अन् काय करायचं ते करा."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो मान खाली घालून बसून राहिला. मोठ्या मुलीचं लग्न ठरलेलं, हे हवालदाराने मला सांगितलं होतं. चोरीचा शिक्का बसला तर काय होईल, हे त्यालाही कळत होतं. तरी तोंडातून शब्द नाही.

किल्लीचा उलगडा घरातच होणार, म्हणून मी वकिलांच्या घरी गेलो. ते रिक्षाने कोर्टात गेले होते, गाडी दारातच उभी होती. त्यांचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, व्हरांड्यात बसले होते. किल्ली खुंटीवरच असते, काल कोणी आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी सेटची पावती त्यांच्या हातात देऊन विचारलं, "हीच का पावती?"

त्यांनी कागदावरून नजर फिरवली. "हो, हीच."

कागद उलटा होता.

मी त्यांना गाडीपर्यंत नेलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि टेप लावायला सांगितलं. त्यांची बोटं सरळ गोल बटणावर गेली. मग खालची बटणं एकेक चाचपत तिसऱ्यावर थांबली. रेडिओ लागला.

"गुरुजी," मी विचारलं, "किती दिवसांपासून दिसत नाही?"

त्यांनी चाचपत रेडिओ बंद केला.

"वर्ष झालं. उजव्यानं काहीच नाही, डाव्यानं धुरकट. पोराचं नागपूरले जायचं ठरलं आहे, हायकोर्टात वकिली करायले. त्याले कळलं तर तो जायचा नाही."

रोज संध्याकाळी मुलगा त्यांना गाडीतून फिरवून आणी, आणि बातम्या लावायचं काम त्यांचं. नव्या सेटची सपाट काच, बोटाला काहीच लागेना. मुलगा म्हणे, "बाबा, लावा ना." काल मुलगा बसने बाहेरगावी गेला होता, रात्री उशिरा येणार होता, म्हणून दुपारी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं, किल्ली दिली, आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. नवा सेट बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला, असं ते मुलाला सांगणार होते. त्याआधीच मुलाने पाहिलं आणि तडक ठाणं गाठलं.

"पोलीस म्हटल्यावर माझी जीभच उचलली नाही," ते म्हणाले.

"मिस्त्री आमच्याकडे बसलाय, गुरुजी."

ते तसेच उठले. "चला."

ठाण्याच्या पायऱ्या ते माझा दंड धरून चढले. त्यांना पाहताच मिस्त्री उभा राहिला. "गुरुजी, तुमी काहून आले? मी काहीच नाही सांगितलं."

"म्हणूनच आलो, बाबा." त्यांनी चाचपडत त्याचा खांदा धरला. "तुले मारलं तर नाही ना?"

"नाही गुरुजी."

मी समोरचं रजिस्टर चाळत राहिलो.

निरोप मिळताच वकील काळ्या कोटातच धावत आले. वडिलांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ऐकता ऐकता वकील बाकावर त्यांच्याजवळ टेकले. "रोज तुमच्या बाजूले बसत होतो, बाबा. अन् मले समजलं नाही." मग उठून त्यांनी मिस्त्रीपुढे हात जोडले. मिस्त्रीने ते हात घाईघाईने खाली केले.

गैरसमजातून फिर्याद, म्हणून मी न्यायालयात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. गुरुजींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तो काढता आला. उजवा काचबिंदूने गेला होता, तो परत आला नाही. मुलाने नागपूर सहा महिने पुढे ढकललं आणि मग वडिलांना घेऊनच गेला. मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावणं आलं, मी गेलो.

गप्प बसणारा माणूस स्वतःची कातडी वाचवत असतो, असं मी तोवर धरून चालत होतो. त्या दिवसानंतर मी अशा माणसासाठी आधी चहा मागवू लागलो, आणि मग हळूच विचारायचो, "कोणासाठी गप्प आहेस?" पुष्कळ जण तरीही काही बोलत नसत. काही जण मात्र रडू लागत.