तरवड काढणारी

कळंबच्या थांब्यावर तिचं नाव कुणी विचारलं नाही. मी रोज बारामतीच्या एसटीची वाट बघायचो आणि ती थांब्याच्या भिंतीवर आपल्या माळावरची झाडं रंगवायची. ब्रश अंबाड्यात खोचलेला, समोर पाण्याच्या बाटलीत फांदी. पान रंगवण्याआधी ते बोटांत धरून उन्हाकडं बघायची तिला सवय होती.

एकदा ती पिवळ्या फुलांचं झुडूप रंगवत होती. बाकावरच्या आबांनी विचारलं, "काय चाललंय?"

"तरवड काढतेय."

"आमीबी काढला की. जेसीबी लावून समदा बांध साफ केला. आता घटाच्या माळंला फुलं बाजारातनं आणतो."

आबा सहज बोलले. तिचा ब्रश मात्र भिंतीजवळच थबकला.

दुसऱ्या दिवसापासून पुढची झाडं रंगवताना कुणी विचारलं की ती म्हणायची, "हिवर लावतेय." "मेडशिंगी लावतेय." मला ते जरा नाटकीच वाटलं. भिंतीत काय रुजतं, कपाळ?

शेवटच्या दिवशी ती रंगाचे डबे आवरत होती. आबा उठले आणि त्यांनी बाटलीत राहिलेल्या तरवडाच्या फांदीवरची वाळकी शेंग चाचपली.

"हिचं चित्र झालं न्हवं?"

"झालं."

"मग ही मी नेऊ का? बांध मोकळाच हाय."