नाकाशी धरलेली चिमूट

चिमूट घ्यायची, डाव्या तळहातावर चोळायची, डोळे मिटायचे आणि तळहात नाकाशी न्यायचा. मग दोनपैकी एक निकाल. "जाऊ द्या" किंवा "काढा". आमच्या ऑफिसातून परदेशी गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मसाल्याचा, चटणीचा आणि लाडवांचा निवाडा भाऊंनी असा केलेला आहे, आणि त्यावर अपील नव्हतं.

जळगावातल्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत मी व्हिसाचे फॉर्म भरते. भाऊ तिथे माझ्या आधीपासून. तरुणपणी चौदा वर्षं आखातातल्या एका हॉटेलच्या कोठारात मसाल्यांच्या पोत्यांवर त्यांची नेमणूक होती. परत आले ते नाक कमावून. मालकांनी त्यांना ठेवलं, पण कामाचं नाव काय द्यायचं ते कधी ठरलं नाही. ग्रुप निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बॅगा घेऊन ऑफिसात बोलवायचं आणि भाऊंनी त्या जमिनीवर उघडायला लावायच्या, एवढंच काम.

"बॅग उघडा. लाज घरी ठेवून आला असाल," हे त्यांचं पहिलं वाक्य.

खानदेशी माणूस परदेशी निघाला की घर बरोबर घेऊन निघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. कळण्याच्या भाकरीचं पीठ, केळीचे वेफर, शेव, लोणचं आणि सगळ्यात खाली, कपड्यांत गुंडाळलेला काळा मसाला. तो खाली ठेवायचं कारण भाऊंची भीती. काळ्या मसाल्यात खसखस असते, आणि आपल्याकडे जी भाजीला घट्टपणा आणते ती तिकडे कायद्याने अफूच्या घरातली. दुबईचा ग्रुप असला की भाऊ घसा फुटेपर्यंत हे सांगत. बायका माना डोलवत आणि मसाला आणखी खाली सरकवत.

बाकीच्या सूचनाही ऐकण्यासारख्या असत. "पासपोर्टच्या दोन झेरॉक्स. एक स्वतःजवळ, एक बायकोजवळ. दोघांच्या एकाच पर्समध्ये नको, पर्स गेली की संसार गेला." "गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी." "कोणी पुडी दिली, माझ्या माणसाला द्या म्हणून, तर सख्ख्या भावाची घेऊ नका." "जळगावच्या माणसाला सोन्याचा भाव मी काय शिकवू? पण तिकडे भाव ठरलेला, घडणावळ घासून घ्या." "बाजारात निम्म्याने सांगा आणि चपला वाजवत वळा. हाक आली तर तुमचं नशीब, नाही आली तर तोंड पाडून परत जाऊ नका." "प्रत्येक वस्तूचा रुपयांत गुणाकार करू नका, पाणीसुद्धा घशाखाली उतरणार नाही." आणि कोणी उन्हाळ्यातल्या स्वस्त टूरला बिचकलं, की हसून म्हणत, "मे महिन्यात आपल्या जळगावात, पिंप्राळ्यात राहता ना? मग दुबईचं ऊन तुम्हाला काय करणार!"

कोरोनात भाऊ पंधरा दिवस आजारी होते. उठले, कामाला लागले, ग्रुपही पुन्हा जायला लागले. पुढे कधीतरी एका दुपारी ऑफिसातला वायरीचा बोर्ड जळाला. प्लास्टिकच्या त्या घाणेरड्या वासाने आम्ही पदर, रुमाल, जे सापडेल ते नाकाला लावून बाहेर पळालो. भाऊ खुर्चीत बसून पासपोर्टांना रबरबँड लावत होते. मी दारातून ओरडले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"सर्दी आहे," ते म्हणाले.

आणखी एकदा माझ्या डब्यातली भाजी आंबली होती. मी तोंड वाकडं करून डबा बाजूला सारला, तर भाऊंनी ती चवीने संपवली. "छान झाली आहे," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. सगळ्या ऑफिसात माझ्या जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती, आणि नेमकी त्या दिवशी मी गप्प बसले. म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का आल्या. धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या, पासष्टीच्या आसपासच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांची एकुलती एक लेक दुबईत बारा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. अक्कांना विमान म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. भाऊंनीच त्यांना फोनवर मार्ग काढून दिला होता: एकटीने जाऊ नका, उन्हाळ्याचा ग्रुप निम्म्यात पडतो, त्यांच्याबरोबर उतरा, तिथून जावई घेऊन जाईल. अक्कांचा भाऊंवर देवासारखा विश्वास बसला होता.

त्यांच्या बॅगेत दोन लुगडी, बाळाची अंगडीटोपडी आणि एक मोठा स्टीलचा डबा होता. डिंकाचे लाडू. बाळंतिणीच्या आईने रिकाम्या हाताने जायचं कसं?

"अक्का, खसखस?" भाऊंनी विचारलं.

"नही भाऊ. तुम्ही सांगं तसंच करं. मन्ही आंडेरनी आन," अक्कांनी गळ्याला हात लावला. लेकीची शपथ घेतली होती त्यांनी.

आम्ही सगळे बघत होतो. भाऊंनी एक लाडू फोडला. खारीक, खोबरं, डिंक, सगळं नीट दिसत होतं, कुठे पांढरा दाणा नव्हता. चिमूट घेतली, तळहातावर चोळली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं का, ते खरंच आठवत नाही.

"जाऊ द्या," भाऊ म्हणाले.

अक्कांनी फोडलेल्या लाडवाचा अर्धा भाग भाऊंना खायला दिला. त्यांनी तो खाल्ला. तरीही त्यांना काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ग्रुपबरोबर गेलेल्या आमच्या माणसाचा फोन आला. विमानतळावर अक्कांचा डबा उघडला होता, लाडू तपासायला नेले होते, आणि अक्कांना बाजूच्या खोलीत. बाकी ग्रुपला पुढे जायला सांगितलं होतं. भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला. "त्यांना हिंदीसुद्धा येत नाही धड," एवढंच ते दोनतीनदा म्हणाले. मग पलीकडून फोन ठेवला गेला, तरी त्यांनी तो कानाला धरून ठेवला होता.

मालकांनी अक्कांच्या घरी फोन लावला, तेव्हा कळलं. लाडू वळायच्या वेळी अक्का घटकाभर उठून शेजारी गेल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी ओंजळभर खसखस भाजून, मिक्सरमधून बारीक करून परातीत मिसळली. "बाळंतीनना लाडू खसखसबिगर कसा व्हतीन?" असं त्या फोनवर रडत म्हणत होत्या. खसखशीने बाळंतिणीला झोप लागते, अंगावर दूध येतं. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक लेकीसुनेसाठी हेच केलं होतं. जगात कुठे त्यासाठी माणसाला धरतात, हे त्यांना कोण सांगणार? सांगितलं होतं, पण ते अक्कांना. आणि जाऊबाईंना वाटलं, अक्का विसरली.

दुपारी लेकीचा फोन आला. भाऊंनीच उचलला. मागे तान्ह्याचं रडणं मलाही ऐकू येत होतं.

"भाऊ, माझी आई कुठे आहे? तुम्ही डबा बघितला होता ना?"

"बघितला होता, ताई."

"मग?"

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला. आम्ही वकिलातीला फोन केले, ईमेल केले, ओळखीच्यांच्या ओळखी काढल्या. भाऊंनी जुनी डायरी काढून कोठारातल्या सोबत्यांचे नंबर फिरवले. बहुतेक बंद होते, एक लागला, तो माणूस केव्हाच केरळात परतला होता. सगळीकडून उत्तर एकच, तपासणी होईपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. दुसरं करण्यासारखं होतंच काय?

नऊ दिवसांनी अक्कांना सोडलं. मुद्दाम आणलं नाही, हे त्या लोकांना पटलं. पण सोडलं ते सरळ परतीच्या विमानात. पुन्हा तिकडे यायची मनाई करून. लेकीच्या घरी जायला परवानगी मिळाली नाही. नात त्यांनी जावयाच्या फोनवर पाहिली, तीही झोपलेली.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ मला म्हणाले, "अक्कांकडे जायचं आहे. एकट्याला धीर होत नाही." आम्ही एस.टी.ने धुळ्याला गेलो आणि तिथून रिक्षाने गावात. सूचना न देता भाऊंनी केलेला तो बहुधा एकमेव प्रवास.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. जाऊबाई आत चुलीजवळ, आम्हाला बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. भाऊ चपला काढून खालीच बसले.

"अक्का, मला वास येत नाही," ते म्हणाले. "कोरोना झाल्यापासून नाही. चवही नाही. त्या दिवशी मी नुसतं नाकाशी धरलं."

अक्का त्यांच्याकडे वळल्या.

"मंग सांगं काबर नही?"

"मग मला बॅगेजवळ कोणी बसू दिलं नसतं," भाऊ म्हणाले. "दुसरं मला येतं काय?"

मला वाटलं, आता अक्का भडकतील. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रस्त्याकडे बघत हळूच बोलायला लागल्या. "तठला मानसे वाईट नही व्हतात. जेवाले देत. एक बाई तं मन्हा हात धरीसन बसे. पन आंडेर अर्धा तासवर व्हती, भाऊ. अर्धा तासवर."

हे त्या तीनदा बोलल्या. नंतर जाऊबाईंनी चहा आणला, आणि तो आम्ही प्यायलो. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, नाही केली असंही नाही. निघताना मीही सांगून टाकलं, की मला संशय आला होता. भाऊंनी मान हलवली. "मला ठाऊक होतं," म्हणाले. "तू विचारशील याचीच भीती होती."

भाऊ पुन्हा कामावर आले नाहीत. मालकांनी दोनदा निरोप पाठवला, नुसत्या सूचना देत जा म्हणून. त्यांनी हात जोडले. मी अधूनमधून पिंप्राळ्यातल्या त्यांच्या खोलीवर जायची. खिडकीत चार बाटल्या मांडलेल्या असत, लवंग, हिंग, ओवा आणि खसखस. कोणा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी हुंगत राहा, येईल. ते शाळकरी पोरासारखे नेमाने हुंगत. मी विचारलं की म्हणत, "लवंगेचा आज थोडा आला." खसखशीबद्दल मी विचारत नसे.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. झोपेतच गेले. बाटल्या त्यांच्या पुतण्याने टाकून दिल्या असणार.

आता बॅगा मी उघडते. सूचनांचा छापील कागद आहे, तरी मी तोंडाने सांगते. "लाज घरी ठेवून आला असाल," हे मात्र मला म्हणवत नाही.

परवा दिवाळीच्या सुट्टीत अक्का ऑफिसात आल्या. कडेवर दोन वर्षांची नात, काळ्याभोर डोळ्यांची. लेक रजेवर माहेरी आली होती. एका हातात तोच स्टीलचा डबा.

"भाऊ कोठे शेत?" त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहत विचारलं.

मी सांगितलं. अक्का टेकल्या. नातीला मांडीवर घेतलं. मग त्यांनी डबा उघडला आणि एक लाडू माझ्या पुढे धरला.

"त्यासले दावाले आनेल व्हता," त्या म्हणाल्या. "यामा टाकेल शे. तुम्हीच देखा बरं, समजस का." भाऊंना वास यायला लागला का, हे बघायला त्यांनी या लाडवात मुद्दाम खसखस घातली होती.

मी लाडू फोडला. चिमूट घेतली, डाव्या तळहातावर चोळली, डोळे मिटले. तूप, जायफळ, खोबरं, आणि त्यांच्या खालून खसखस. भाजलेल्या खसखशीचा तो वास मला आला. स्वच्छ आला. एवढीच गोष्ट त्या माणसाला हवी होती, आणि ती मला फुकट मिळत होती.

"काढा," मी म्हणाले.

अक्कांनी मान डोलवली. नातीने माझ्या हातातला उरलेला लाडू ओढून घेतला, दोन्ही मुठींत धरला आणि खायला लागली. आम्ही दोघींनी तिला अडवलं नाही.