दोन पुरुस

डॅमवर पोचलो की बाबा कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. पाण्यात पडलं तर गेलं, म्हणायचे. म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी मी त्यांच्यासोबत जायचे. आईची तशी अटच होती. कोणी काही बोललं तर ते बाबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगायचं, एवढंच माझं काम.

मला मोठ्याने बोलायला आवडत नाही. पण आमच्या बाजूला फारसं कोणी येत नसे. पिकनिकवाले सगळे भिंतीकडे असायचे. तिकडे पायाने चालवायच्या बोटी होत्या, गोवऱ्यांवर रोडगे भाजणं चालायचं, आणि पांढुर्ण्याहून आलेली पोरं गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावायची. आम्ही वळणापलीकडे बसायचो. तिथे संत्र्याच्या बगीच्याचं कुंपण संपतं आणि बुडालेल्या बाभळींची ठुंठं पाण्यावर दिसतात. बाबा कणकेची गोळी गळाला लावायचे आणि थर्माकोलच्या तुकड्याकडे बघत राहायचे. घरी त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे आणि त्याचा त्यांना राग येई. तिथे विचारायचं काहीच नव्हतं.

जाळं टाकणारे एक काका डोंगीतून जवळून जायचे. मागच्या जानेवारीत, त्या दिवशीही गेले.

"गुरुजी, मासे धराले आले का पहाले?"

मी बाबांच्या कानाशी ते सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याले म्हन, मासेच मले पहाले येते."

मी काकांना म्हटलं, "ते म्हणतात की मासेच त्यांना पाहायला येतात."

काका माझ्यावरच जास्त हसले. "हे कोन्या गावची भाषा व माय?"

बाबा सौसरकडच्या मराठी शाळेत मास्तर होते. मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. माझी मराठी घरातल्या खोल्यांपुरती आहे. शेत, विहीर, पाणी इथले शब्द मी ऐकलेले असतात, पण विचारून घेतलेले नसतात.

थोड्या वेळाने बाबांचा गळ एका ठुंठात अडकला. त्यांनी ओढून पाहिलं, मग चपला काढून पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. काका तोवर लांब गेले होते. तिथून त्यांनी हात हलवला आणि मला ओरडून म्हणाले, "गुरुजीले सांगजो व, त्या ठुंठापाशी दोन पुरुस हाये."

मी ठुंठाकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. मागच्या झुडपाआड दोन माणसं आंघोळ करत असतील, म्हणून काका सावध करताहेत, असं मला वाटलं. त्या विचारानेच मला अवघडल्यासारखं झालं. परत ओरडून विचारावं असं मनात आलं होतं. हे मी नीट आठवून लिहिते आहे. मनात आलं होतं, आणि मी विचारलं नाही.

"बाबा, तिथे झुडपाआड दोन माणसं आहेत म्हणतात."

"पान्यात उभे हायेत? मंग कमरेइतकंच पानी असन," बाबा म्हणाले आणि पाण्यात उतरले.

गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. मग पुढचं पाऊल टाकलं आणि दिसेनासे झाले. धरण बांधायच्या आधीचा नाला तिथून जात होता. काका लांबून बघतच होते. त्यांनी बांबू रेटत डोंगी आणली आणि कॉलर धरून त्यांना वर ओढलं. काठावर आणल्यावर बाबा पाणी ओकले. ओठ काळेनिळे पडले होते. खिशातल्या मशीनमधून पाणी गळत होतं.

काका धापा टाकत माझ्याकडे वळले. "पोरी, तुले सांगलं होतं ना मी? दोन पुरुस पानी हाये म्हनून."

पुरुसच्या पुढचा पानी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी सांगायची वाट बघत.

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "तुम्हाला गरम चहा द्या म्हणतात."

घरी कोणी मला काही विचारलं नाही. बहिऱ्या माणसाला ऐकू आलं नसेल, असं सगळे धरूनच चालले. भेटायला येणाऱ्यांना बाबाही तेच सांगू लागले, "त्यानं सांगलं असन, मलेच उलटं ऐकू आलं." आईने गळ माळ्यावर टाकला आणि डॅम बंद केला. नवं मशीन आलं. पण बाबांचा आता स्वतःच्या कानांवर भरवसा राहिला नव्हता. मशीन घालूनही ते काही विचारलं तर आधी आईकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे. पुढे पुढे उत्तर देणंच त्यांनी सोडलं.

हा हिवाळा लागला तशी मी रोज सांगायचं ठरवत होते. एका रविवारी दुपारी ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलेलं. मी शेजारी बसून हळूच सांगितलं.

"काय म्हन्ते?"

पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मला ओरडावंच लागलं. "तुम्हाला नीट ऐकू आलं होतं बाबा. मीच चुकीचं सांगितलं. पुरुस म्हणजे काय, मला माहीत नव्हतं."

शेजारच्या अंगणात तुरी झोडपायचा आवाज थांबला. आई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

बसल्या जागीच बाबांनी दोन्ही हात डोक्यावर ताठ उचलले, वर्गात दाखवत असतील तसे. "मानूस उभा राहून असे हात वर करते. तेवढं खोल म्हन्जे एक पुरुस."

"मंग सालभर तोंड काहून नाही उघडलं तू?" आई म्हणाली. "या मानसाले घरात बसवून ठेवलं आमी."

बाबांनी हात खाली घेतले.

"म्हन्जे मले बरोबर ऐकू आलं होतं?"

"हो."

"काय?"

"हो, बाबा. बरोबर ऐकू आलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी पहिल्यांदा म्हटलेलं 'हो'ही त्यांना ऐकू आलं होतं, असं मला वाटतं.