साडूचा सर्व्हर आन माझी पूजा

आमच्या साडूइतका कॉम्प्युटरचा जानकार साऱ्या नगर जिल्ह्यात न्हाई, आन त्याला घडवला मी. घडवला म्हंजे त्याचा सर्व्हर माझ्या टेम्पोतनं बेलापूरला नेला, त्यो बी उलटा ठेवून.

साडू म्हंजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिनीचा नवरा. बेलापुरात त्याचा टायपिंगचा क्लास हाय. पोरं कसले बी पेनड्राईव्ह खुपसून कॉम्प्युटर झोपवायची आन हा एकेकाला उठवत बसायचा. म्हनून मागच्या खोलीत सर्व्हर मांडला, समद्यांच्या वायरी त्याच्यात. मला म्हनला, "पाव्हनं, कॉम्प्युटरची आख्खी डिस्क, हाय तशी, ह्यात नकलून ठेवायची. कॉम्प्युटर मेला की तीच नकल वायरीतनं परत त्याच्यात वतायची. चहा पिऊस्तवर जित्ता." मी मान हलवली. न कळता मान हलवन्यात माझा हात कोन धरनार न्हाई.

मग त्या डब्याचे जे लाड सुरू झाले! घरातला चांगला पंखा त्याच्यावर, अक्का, म्हंजे साडूची बायको, आपली पदरानं वारं घेती. एकदा मी पंखा माझ्याकडं वळवला, तर साडू म्हनला, "पाव्हनं, तुमी घामानं बिघडत न्हाई." त्या खोलीत झाडू मारायचा न्हाई, मोठ्यानं शिंकायचं न्हाई. अक्का म्हनती, "लग्नाला एवढी वर्सं झाली, माझं डोकं तापलं तर ह्यांनी हात लावून बघितला न्हाई. त्याला तासातासाला बघत्यात."

औंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासमधी सरकारी परीक्षा हुती. कॉम्प्युटर चालले न्हाईत तर सेंटर जानार, आन सेंटर गेलं की क्लासला कुलूप. साडूनं एक कॉम्प्युटर परीक्षेसाठी सजवला, बाकीचे पुसून कोरे केले. खंडेनवमीला त्या सजवलेल्याची नकल सर्व्हरवर चढत हुती, तवर हा आंघोळीला गेला.

आता खंडेनवमीला आमच्यात कोयता, औत, टेम्पो, समदं धुऊन पुजत्यात. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. आन हे बिचारं घरघर करत राबतंय. मला दया आली. वायर काढली, वल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, जाळीतनं जरा आत बी गेलं. झेंडूचा हार घातला. नारळ मातर दारातच फोडला, तेवढी अक्कल हुती.

साडू टावेलावर आला. हार बघितला, वायर बघितली. वरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हनला, "पाव्हनं, त्या कोपऱ्यात बसा. हात मांडीवर ठेवा."

खवीसपनानं न्हाई, भ्यालेला हुता. त्यानं डबा उघडला, रंगाच्या बारक्या ब्रशानं कुंकू झाडलं, पंख्याखाली वाळवला. मग बटन दाबलं. डबा घरघरला तवा अक्कानं डोळे पुसले. अर्धी ऱ्हायलेली नकल रात्री पुन्हा पहिल्यापासनं चढवली. दसरा नकला वतन्यात गेला; सोनं वाटायला बी कोन बाहेर पडलं न्हाई.

परीक्षा बिनघोर पार पडली. पोरं गेली, साडू रिकाम्या क्लासात बाकड्यावर टेकला. केस लईच पिकलेत गड्याचे, तवाच दिसलं. मी जवळ जाऊन बसलो. म्हनलं, "पाव्हनं, लोखंडाच्या एवढ्या नकला ठेवता, तुमची बी एक काढून ठेवा. तुमच्यामागं हे कोन बघनार?"

त्यो हसत हातातली वायर गुंडाळायला लागला. मग मीच म्हनलं, "बरं, माझी तरी काढा."

अक्का चहा घेऊन आली हुती. माझ्या हातात कप देत म्हनली, "दाजी, नकल काढायला आत काय तरी असावं लागतं."