पायाळू ताईकडे, सायकलने

खामगावहून निघालो तेव्हा जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागायला नुकती सुरुवात झाली होती. थंडी होती. सायकलची सीट मी बोटभर खाली घेतली होती, हँडल वर उचललं होतं आणि कमरेला पट्टा बांधला होता. हे सगळं फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांनी सांगितलेली चौथी गोष्ट, दोन महिने लांबचा पल्ला बंद, तेवढी मी ऐकली नव्हती.

वडनेर भोलजी तीसेक किलोमीटर. तिथे माझी मोठी बहीण राहते. साखरेच्या आजारात तिचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पहिल्यांदाच तिला भेटायला जात होतो. एसटीने गेलो असतो तर तिने आधी सायकल कुठे आहे हेच विचारलं असतं, आणि मग कमरेचं सांगावं लागलं असतं. तेच मला नको होतं.

कारण ताई पायाळू आहे (जन्मताना आधी पाय बाहेर आलेली). आमच्याकडे समजूत अशी की पायाळू माणसाने पाठीला तीनदा पाय लावला की उसण (कमरेत अचानक धरणारी कळ) निघून जाते. आसपासच्या गावांतून लोक वाकत वाकत तिच्याकडे यायचे आणि ती उजवा पाय लावायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी तिला एकदाही पाय लावू दिला नाही. "ताई, हे खरं नसतं," म्हणायचो. ती हसायची. घरात एकच सायकल होती आणि शाळा दुसऱ्या गावाला, म्हणून सातवीनंतर ती घरी बसली आणि सायकल मला मिळाली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्या सायकलवर झालो.

नांदुऱ्यापर्यंत बरं गेलं. दर अर्ध्या तासाला उतरत होतो, पाठ मागे वाकवत होतो. दोन्ही बाजूंना तूर कापणीला आली होती. हायवेवर मात्र शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याच्या धक्क्याने अंग आखडून धरावं लागतं. नांदुऱ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो आणि सायकल स्टँडवर चढवताना कळ अशी आली की मी हँडलवर ओणवा झालो.

"दादा, उसण भरली वाट्टे," टपरीवरची बाई म्हणाली. "वडनेरले जा. तिथं एक पायाळू बाई हाय. तीनदा पाय लावते का मानूस सरळ होते."

बाकावर एक म्हातारबाबा कमरेवर हात ठेवून बसले होते. "कोठी राह्यते व ते?" त्यांनी विचारलं. तिने खूण सांगितली, मारुतीच्या मागची गल्ली, निळं दार.

ती माझी बहीण आहे, तिचा तो पाय आता नाही, एवढं सांगायला हवं होतं. गरम मुगभजी पुढ्यात आली होती, ती तशीच ठेवून उठलो.

निळ्या दारात भाऊजी उभे होते. "या मास्तर! मले वाटलं, शहरातल्या लोकाईच्या सायकली आता भिंतीलेच टांगेल असतात."

ताई बाजेवर बसली होती. पायावर गोधडी होती. चेहरा उतरला होता, हात मात्र तेवढेच घाईचे. बसल्या जागी लसूण सोलत होती. जेवायला फुणके (वाफवलेल्या तुरीच्या डाळीचे मुटके) आणि कढी होती. पाटावर बसताना मी दात दाबून धरले.

जेवण होतं न होतं तोच दारात म्हातारबाबा आले. रिक्षाने आले होते. त्यांनी गोधडीखालचा आखूड पाय पाहिला, मग मला पाहिलं आणि ओळखलं. मी मान खाली घातली.

"राहू द्या माय. मले कोनी सांगतलंच नाई," बाबा म्हणाले.

ताईने गोधडी नीट केली. मग म्हणाली, "मी दोन्ही पायांनी आली होती जगात. एकट्या उजव्यानं नाई. झोपा पालथे."

पूर्वी ती उभी राहून पाय लावायची. आता उभं राहायला पाय एकच, म्हणून बाजेवरूनच तिने डावा पाय खाली सोडला. तीनदा लावला. बाबा उठले, पाठ ताणली. "मोकळं झालं, माय," म्हणाले आणि हात जोडून गेले. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच, असं भाऊजी मला हळूच म्हणाले.

"आता तू," ताई म्हणाली.

"मले काय झालं?"

"मघा पाटावर कसा बसला, ते दिसलं नाई का मले? झोप गुमान."

मी पालथा झालो. तिचा पाय पाठीवर आला. इतका हलका की आहे की नाही कळू नये. कळ होती तिथेच होती.

"गेली?"

"गेली, ताई."

निघताना ती दारापर्यंत सरकत आली. म्हणून गल्ली संपेपर्यंत मी ताठ बसून सायकल चालवली. वळणापलीकडे उतरलो आणि ढकलत फाट्यावर आलो. तिथे म्हातारबाबा एसटीची वाट पाहत होते, कमरेवर हात ठेवून.

"बाबा, मोकळं झालं होतं नं?"

"कायचं होते, बाप्पा. पन त्या माउलीले कसं सांगाव?"

त्यांना मी टपरीवरच सांगायला हवं होतं. माफी मागितली. "जाऊ दे," म्हणाले. एसटी आली. कंडक्टरच्या हातापाया पडून सायकल टपावर चढवली आणि आम्ही शेजारी शेजारी बसलो.

घरी येऊन आठ दिवस झाले. डॉक्टर रागावले. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करतो, सायकल उभी आहे. काल ताईचा फोन आला. डाव्या पायानेही गुण येतो हे गावात पसरलं होतं, दोघंतिघं येऊन गेले होते. तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता.

"रविवारी ये. सायकलवरच ये पन. उसण गेली ते लोकाईले दिसू दे."

"येतो," म्हणालो.

पाय लावल्याने उसण जाते, यावर माझा अजूनही विश्वास नाही. वर्गातही मी तेच शिकवणार. पण तिने इतकी वर्षं विचारलं तेव्हा, तिचे दोन्ही पाय होते तेव्हा, एकदा पालथा झालो असतो तर माझं काय गेलं असतं? रविवारी फाट्यापर्यंत एसटीने जाईन, सायकल टपावर टाकून. तिथून मारुतीच्या गल्लीपर्यंत एवढंसं अंतर आहे. तेवढं ताठ बसून जमेल.