फुलपात्रभर अवकाळी

वन्सं गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. घरी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाकून एका बाटलीत डोकावत होते. बाटली कोरडी होती.

आधीचे चार दिवस मी दवाखान्यात त्यांच्या उशाशीच होते. त्या सकाळी त्यांनी डोळे उघडले, समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आठ वाजले. तू अजून इथे काय करते आहेस?” म्हटलं, तुमच्यापाशी बसले आहे. “माझ्यापाशी बसून काय मोजणार आहेस? घरी जा.” आवाज पार खोल गेला होता, पण हुकूम तो हुकूम. नातवंडांची आजी झालेली बाई मी, नणंदेने दटावलं म्हणून निमूट रिक्षा करून घरी आले. साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, आतली बाटली उचलली, दोनदा पाहिली आणि वहीत शून्य लिहिलं. शाई वाळायच्या आत लेकाचा दवाखान्यातून फोन आला. “आई…” एवढंच म्हणाला. पुढचं मला कळलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, कुसुमताई. रत्नागिरीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची एकदाच हिंमत केली होती, तर म्हणाल्या, “रोज सकाळी साडेआठला चहा सोडून उठणारी बायको कुणाला चालली असती?” साडेआठची वेळ त्यांच्या पावसाची. खळ्याच्या एका कोपऱ्यात जमिनीत पुरलेला पर्जन्यमापक होता, शेजारी चार पायांवर उभी झडपांची पांढरी पेटी, आणि त्या पेटीत तापमापक. रोजचे आकडे वहीत उतरायचे आणि महिनाअखेर त्यांची नक्कल पोस्टाने हवामान खात्याकडे जायची. पगार नाही, पोचपावती नाही, कुणी विचारतही नव्हतं. तरी जायची.

मी त्या घरात नवी सून म्हणून आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. पावस गावच्या आंबा बागायतदाराची एकुलती एक मुलगी, त्यामुळे जगातलं सगळं मला माहेराहूनच कळलेलं होतं. माझे वडील, म्हणजे दादा, कावळ्याने घरटं कुठल्या फांदीवर बांधलं ते बघून पाऊसमान सांगत. चुकलं तर म्हणत, कावळाच चुकला. रेडिओवर त्यांचा फार राग. “रेडिओ म्हणाला पाऊस, की मी बिनधास्त माणसं घेऊन आंबे काढायला जातो,” असं चारचौघांत सांगायचे आणि चारचौघं हसायची. अशा घरातून आलेली मी. पहिल्याच आठवड्यात त्या पांढऱ्या पेटीवर माझं ओलं पातळ वाळत टाकलं. मला ते कोंबड्यांचं खुराडं वाटलं होतं हो! वन्सं शाळेतून आल्या, पातळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं: ‘दुपारचे तापमान ग्राह्य नाही. पेटीवर पातळ.’ पातळ कुणाचं ते लिहिलं नाही, पण घरात जांभळं पातळ माझ्या एकटीचंच होतं, तेव्हा काय उरलं?

तेव्हापासून माझ्या मनात अढी. त्यात मे महिना आला. मी ताटांवर आंबापोळी वाळत घातली होती, वन्सं म्हणाल्या, “निर्मले, उद्या उचल. हवा बरी दिसत नाही.” मी आकाशाकडे पाहिलं. निळंभोर! दादांची मुलगी मी, मला आकाश शिकवता? नाही उचलली. दुसऱ्या दिवशी आंबापोळीचं सार झालं. त्याबद्दल एक शब्दही न बोलता वन्सं ताटं धुवायला माझ्या बाजूला येऊन बसल्या. बोलल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, ते मला त्या वयात ठाऊक नव्हतं. म्हणून मी सूड घ्यायचं ठरवलं.

पौषातली स्वच्छ, कोरडी सकाळ. वन्सं न्हाणीघरात. मी स्वयंपाकघरातलं पितळी फुलपात्र भरून घेतलं, पदराआड लपवत खळ्यात गेले आणि सगळं पाणी पर्जन्यमापकात ओतून आले. माझा हिशेब असा की, बाई यंत्राला देव मानतात, तर आता भर थंडीत पाऊस पडला म्हणून लिहितील, आणि मी पुढली दहा वर्षं हसेन. यंत्राच्या कडेची जमीन निदान ओली तरी करावी, एवढी अक्कलही मला नव्हती. साडेआठला वन्सं आल्या. बाटली उचलली. जमिनीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, तुळशीच्या पानांवर बोट फिरवून पाहिलं. मग पाणी काचेच्या मापात ओतून, डोळा पाण्याच्या रेषेला आणून दोनदा वाचलं आणि लिहिलं. मी खिडकीआड पदर तोंडात कोंबून उभी! आत येऊन त्या फक्त म्हणाल्या, “चहा टाकतेस का गं?” त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात तांब्या, वाट्या, फुलपात्रं मांडून बसलेल्या दिसल्या. मला वाटलं, भांडी घासायला काढली असतील.

आता मुख्य गोष्ट सांगते. तेव्हा काही वर्षांपासून वन्संच्या मनात एक काळजी घर करून होती. त्यांच्या आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांनी ठेवलेल्या वह्यांवरून त्यांना वाटत होतं की थंडी उशिरा येते आहे, आणि मोहोराच्या दिवसांत अवकाळी शिडकावे वाढताहेत. ‘वाटत होतं’ हा शब्द त्यांचाच. एका घराच्या वह्या म्हणजे पुरावा नव्हे, असं त्या स्वतःच म्हणत. म्हणून त्यांना प्रत्येक बागेत एक वही हवी होती: मोहोर कधी फुटला, शिडकावा कधी झाला, एवढंच लिहायचं. शाळकरी वह्या विकत आणून त्यांनी स्वतःच्या हाताने रकाने आखले. पंचवीस वह्या. सुट्टीचा अख्खा आठवडा त्यात गेला. आणि मग मला म्हणाल्या, “तुझ्या दादांना विचार, बागायतदारांच्या बैठकीत मला अर्धा तास देतील का?” माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

दादांनी मुलीच्या नणंदेला नाही म्हणायचं कसं, म्हणून हो म्हटलं. पावसला देवळाच्या मंडपात बैठक. पुढे पुरुषमंडळी, मागे आम्ही चार बायका चहाच्या किटल्या घेऊन. वन्सं उभ्या राहिल्या, वर्गात बोलतात तसं सरळ बोलल्या. दादा म्हणाले, “बाई, माझ्या आज्याने ही कलमं लावली. त्याच्याकडे तुमच्यासारखा मापाचा काटा नव्हता की वही नव्हती. आंबा लागायचा तो लागलाच ना?”

“लागला. कधी लागला ते लिहून ठेवलंय का कोणी? तेवढंच मागते आहे.”

मागून कोणीतरी ओरडलं, “आणि लिहिलं की थंडी पडेल काय?”

“नाही पडणार,” वन्सं म्हणाल्या. “पण आजोबांच्या वेळी कधी पडायची, ते नातवाला कळेल.”

एक-दोघांनी वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलंसुद्धा. वन्संनी आपली वही फिरवायला दिली, “बघा, असं लिहायचं,” म्हणून. ती फिरत फिरत दादांकडे गेली. दादांनी चष्मा लावला, पानं उलटली… आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“ह्या दिवशी पाऊस? पौषात? अहो, माझी बाग मोहोरावर होती. थेंब पडला असता तर मला जेवण गेलं असतं काय!”

“बरोबर आहे तुमचं. पाऊस नव्हताच.”

“मग हा आकडा?”

“बाटलीत पाणी होतं. होतं तेवढं लिहिलं. पाऊस म्हणून बेरजेत धरलेलं नाही. पुढे रेघ आहे बघा, संशयित म्हणून.”

“पण आलं कुठून पाणी?”

“ओतताना कोणाला मी पाहिलेलं नाही.”

दादा उभेच राहिले. “ऐकलंत? ह्या बाईंच्या बाटलीत आभाळाशिवाय पाऊस पडतो! एक आकडा असा, तर बाकीचे कसे असतील?” काय हशा झाला म्हणून सांगू! त्या हशात पंचवीस वह्या वाहून गेल्या. आणि मी? मला एकच वाक्य बोलायचं होतं. दादा, ते पाणी मी ओतलं. सहा शब्दसुद्धा होत नाहीत. ते वाक्य ओठांवर घेऊन मी उठले… आणि कपबशा गोळा करायला लागले. रिकाम्या, भरलेल्या, लोकांच्या हातातल्यासुद्धा. एक गृहस्थ म्हणाले, “अगो, मी अजून प्यायलो नाहीय!”

परतीच्या एसटीत वन्संनी वह्यांची पिशवी मांडीवर घेतली होती. गाडी कातळाच्या माळावर चढली तेव्हा खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, “फुलपात्र होतं ना? काठाला पोचा आलेलं?” माझ्या तोंडचं पाणी पळालं. “तांब्याने जास्त भरतं, वाटीने कमी. मी सगळी भांडी मोजली.”

“मग तिथे सांगितलंत का नाही?” मी रडायलाच लागले. “माझं नाव घ्यायचं होतंत!”

“तू ओतताना मी पाहिलं नव्हतं. माप जुळलं, एवढंच. माप जुळलं म्हणून पाहिलं असं होत नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “शेऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे. ज्याने पाहिलं त्याने लिहावं.” आणि आणखी थोड्या वेळाने, “डोळे पूस. तू बिनतिकीट सापडलीस असं कंडक्टरला वाटेल.”

घरी येऊन वह्या मोजल्या तर चोवीस भरल्या. पंचविसावी कुठे गेली ते कळायला बरीच वर्षं लागली. दादा गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडली. वन्संच्या हातचे रकाने, दादांचं किरटं अक्षर. पहिली चार पानं मोहोराच्या तारखा, पुढे सगळे रमीचे गुण. वन्संना दाखवली तेव्हा त्यांनी ती चार पानं नीट उतरवून घेतली. “चार तर चार,” म्हणाल्या. जिवंतपणी दादांनी माघार कधी घेतली नाही, पण दर हंगामात आंब्याची पहिली पेटी मात्र ‘काट्यावाल्या बाईंना’ म्हणून यायची, आणि तिच्याबरोबर निरोप: विचार गो तुझ्या नणंदेला, यंदा थंडी कशी म्हणते?

बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून मी साडेआठला वन्संच्या मागे खळ्यात जाऊन उभी राहायला लागले. प्रायश्चित्त म्हणून गेले होते, पण पुढे ती सवय झाली. डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, दोनदा वाचायचं, मग लिहायचं. पाऊस पडला नाही तरी लिहायचं. “शून्य हाही आकडा आहे,” त्या म्हणायच्या, “रिकामी जागा म्हणजे आळस.” त्या माझ्याशी कधी गोड बोलल्याचं आठवत नाही. पण मला ताप आला की माझाही ताप त्या दर तीन तासांनी लिहून ठेवायच्या, वेगळ्या कागदावर, तारखेसकट. त्यांच्या प्रेमाला रकाने असत.

आता हवामान बदलाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्या नातेवाईकांच्या फोनवरच्या गटात कोणीतरी रोज लिहितं की हे सगळं थोतांड आहे, मागे अमक्याने सांगितलेलं तमकं खोटं ठरलं. मला लगेच दादांचं वहीवरचं बोट दिसतं. माझ्या नातीने मला विचारलं, “आजी, कोणावर विश्वास ठेवायचा गं?” मी काय सांगणार, भूगोलात काठावर पास झालेली बाई. तरी सांगितलं की, एकदा एका बाईला आपली वही झाकून ठेवता येत होती, ते पान फाडता येत होतं, माझं नावही घेता येत होतं. तिने यातलं काही केलं नाही, आणि त्यासाठी भर मंडपात हसं करून घेतलं. मी आपली तेव्हापासून तिच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबते. नात म्हणाली, “डोळे मिटून कसं चालेल? दोनदा वाचायचं ना?” वन्संचीच शिकवण, तिसऱ्या पिढीत उलटून माझ्याच अंगावर आली.

गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरायला घेतलं. वह्या सालावार लावलेल्या. ती वही काढली, ते पान काढलं. आकडा, पुढे रेघ, आणि शेऱ्याच्या रकान्यात नुसती पिवळी पडलेली जागा. ज्या बाई रिकाम्या जागेला आळस म्हणत, त्यांनी चाळीस वर्षं तिथे कुणाला हात लावू दिला नव्हता. आळस माझा होता. दर वर्षी पौषात मी ठरवत होते, यंदा लिहायचं, आणि दर वर्षी कपबशा गोळा करत होते.

पोचा आलेलं ते फुलपात्र अजून माठावर असतं. त्यातून पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘पाऊस नाही. फुलपात्रभर पाणी मी ओतले. जमीन कोरडी होती. निर्मला.’ खाली आजची तारीख घातली, कारण नोंद कधी केली तेही खरं लिहायला हवं. मग सवयीने वही पुढे सरकवली, तपासायला… तपासायला कोणी नव्हतं. म्हणून मीच पुन्हा ओढून घेतली, आणि जे लिहिलं होतं ते दोनदा वाचलं.