मी ‘बघू’ म्हणालो होतो

एलिनचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात धानाचा नमुना तळहातावर घेऊन बघत होतो. नागपूरच्या संस्थेने पत्र मराठीत करून पाठवलं होतं, जेमतेम पाच ओळींचं. मी येते आहे, दोन दिवस राहीन, आणि मला एकच विचारायचं आहे की तुम्ही मला का देऊन टाकलं. मी पत्राची घडी खिशात घातली आणि समोरच्या हमालावर विनाकारण ओरडलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर जगात फक्त मला ठाऊक होतं आणि ते मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

एलिन म्हणजे आमची चिमी. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती संस्था अनाथ बाळांना कायमचं घर मिळेपर्यंत काही कुटुंबांकडे सांभाळायला देत असे. चिमी आठ महिन्यांची असताना आमच्याकडे आली आणि चार वर्षांची होऊन, १९९९च्या उन्हाळ्यात, स्वीडनच्या एका जोडप्याकडे दत्तक गेली. त्यानंतर पंधरा वर्षं मी आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात चहा पिता पिता एकच गोष्ट सांगत आलो, की गोऱ्या लोकांसाठी संस्थेने आमची पोर हिसकावून नेली. ज्या दिवशी जीप तिला घेऊन गेली त्याच दिवशी मी तलावाकाठच्या मातामायच्या मंदिरात जाऊन सांगून आलो, आता तुझी पायरी चढणार नाही. आणि चढलो नाही.

खरं काय ते वेगळं होतं. मी दारोदार फिरून धान घेत घेत वर आलेला माणूस. आमच्या धंद्यात माल जितका आवडला तितका चेहरा कोरडा ठेवायचा. दाणा दाताखाली फोडायचा, तोंड वाकडं करायचं, ‘बघू’ म्हणायचं आणि चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतोच. संस्थेच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांनी मला बाहेर अंगणात विचारलं, तुम्हीच तिला दत्तक घेता का? मला तिथल्या तिथे ‘हो’ म्हणायचं होतं. पण मला वाटलं, आपली गरज दिसली तर या अटी वाढवतील, कागद मागतील, खेटे घालायला लावतील. मी म्हणालो, बघू. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्या हाक मारतील म्हणून मी वाट बघत राहिलो, आणि तिसऱ्यांदा जीपच आली. आमच्या मनात नाही असं त्यांनी धरलं होतं. त्यांचं काय चुकलं?

पत्र आल्यावर मी ठरवून टाकलं की तिलाही चौकातलीच गोष्ट सांगायची. पंधरा दिवस ती मनात घोकली. ठरलेल्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली आणि एकोणीस वर्षांची उंच मुलगी उतरली. सोबत येणारी दुभाषी बाई तापाने नागपूरलाच राहिली होती आणि ड्रायव्हरला हिंदीपलीकडे काही येत नव्हतं. आता ती विचारणार कशी आणि मी खोटं सांगणार कसं? मला सुटल्यासारखं झालं. माहेरी आलेल्या लेकीचे धुवावेत तसे बायकोने तिचे पाय धुतले. पोरगी आधी दचकली, मग निमूट उभी राहिली. बायको तिच्याशी जोरजोरात बोलत होती, ‘चाय घेतेस का वो बाई? चाय!’ शेजारीण कुंपणावरून म्हणाली, ‘काऊन ओरडून राहिली वो? थे बहिरी नाही, विलायती होय!’ सगळे हसले. एलिनही हसली, काही न कळता. जेवताना मात्र ती अधूनमधून माझ्याकडे बघत होती आणि मी ताटातच बघत होतो.

जेवण झाल्यावर बायको म्हणाली, ‘पोरीले मातामायच्या पाया पडाले नेतो. तुमी बी चाला.’ मी म्हणालो, मला दुकान आहे. ती म्हणाली, ‘थे सात समुद्र ओलांडून आली जी, अन् तुमच्यानं तलावाच्या पाळीवर जाणं होत नाही?’ भांडायला तोंड उघडलं, पण त्या मुलीसमोर भांडता येईना. गेलो.

मंदिराच्या ओट्यावर एक अनोळखी बाई बसली होती. साठीच्या आसपासची, मांडीवर कापडी पिशवी. रायपूरहून नागपूरला जाणारी त्यांची बस कोहमाऱ्याला बंद पडली होती आणि सावली नि पाणी शोधत त्या इथवर आल्या होत्या. एलिनने मूर्तीकडे बोट दाखवून आम्हाला इंग्रजीत काही विचारलं आणि त्या बाईंनी तिला इंग्रजीतच उत्तर दिलं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं म्हणे. एलिनचा चेहरा उजळला आणि तिने तिथेच बसून त्यांना सगळं सांगून टाकलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, तिला विचारायचंय की तुम्ही तिला का देऊन टाकलं. तुम्ही बोला. मी जसंच्या तसं सांगेन. माझं काही घालणार नाही, तुमचं काही गाळणार नाही.’

मी सुरुवात केली, ‘संस्थेनं...’ आणि थांबलो. ‘संस्थेनं काय?’ बाईंनी विचारलं. समोर शेंदूर लावलेली मातामाय होती, बाजूला बायको. मूर्ती हलली, दिवा फडफडला असं काही झालं नाही. फक्त इतकी वर्षं पाठ असलेल्या गोष्टीचा पुढचा शब्द येईना. मग जे आलं ते दुसरंच होतं. अंगणातला पहिला ‘बघू’, दुसरा ‘बघू’, तिसऱ्या हाकेची वाट, सगळं. एकेक वाक्य मी बोलत होतो आणि बाई शांत आवाजात ते तिकडे पोचवत होत्या. बायको ते पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग एलिनने एक छोटा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, ‘ती विचारते, म्हणजे मी तुम्हाला हवी होते?’

मी म्हणालो, ‘हो.’ आयुष्यात इतक्या पटकन कुठल्याही गोष्टीला मी हो म्हटलं नव्हतं. ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. ती पोरगी ओंजळीत तोंड लपवून रडली. मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बायको उठली. मातामायपुढे डोकं टेकवून मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘पंधरा वर्सं मी या मायले शिव्या देल्या. तुमाले द्याच्या होत्या.’ पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते माझ्या वाट्याचंच होतं.

हायवेवरून बसचा हॉर्न आला तशा त्या बाई पिशवी उचलून निघाल्या. त्यांचं नाव, गाव काही विचारायचं राहिलं. बस बंद पडणं, दुभाषी बाईला ताप येणं, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मी वाद घालत नाही, आणि वाद घालण्यात मी कोणाला हार जात नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी मी खोटं बोलायला निघालो होतो आणि मला बोलू दिलं गेलं नाही.

एलिन आता दर रविवारी फोन करते. बायको तिच्याशी अजून ओरडूनच बोलते. मी मंगळवारी मंदिरात जातो. आता मी काही मागत नाही असं नाही. मागतो. पण भाव करत नाही. हवं ते हवं म्हणतो, आणि माय जे देईल ते घेऊन घरी येतो.